बाइकची सीट खाली घ्यायची आहे? कमी उंचीच्या चालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाय जमिनीवर नेमके किती टेकायला हवेत?

दोन्ही पायांचे चवडे दाबून टेकत असतील, किंवा एक तळवा पूर्ण टेकवून दुसरा पाय फूटरेस्टवर ठेवता येत असेल, तर बाइक सांभाळायला तेवढं पुरतं. दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत या हट्टापायी लोक ५०-६० मिमी उंची उतरवतात आणि चांगल्या सस्पेन्शनचं वाटोळं करतात. बहुतेकांना खरी गरज असते ती २० ते ३० मिमीची. नुसती पायाची बोटं जमिनीला घासत असतील आणि चवडा दाबताच येत नसेल, तर मात्र बदल हवाच. अशा वेळी जमिनीत छोटासा खळगा असला तरी वजनदार बाइक आडवी होते.

माहितीपत्रकात दोन बाइकची सीट हाइट सारखीच आहे. मग एकीवर पाय पुरतात आणि दुसरीवर का नाहीत?

तो आकडा सहसा रिकाम्या, सरळ उभ्या बाइकचा असतो. सीटची रुंदी त्यात कुठेच दिसत नाही. टाकीजवळ सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि पायाची लांबी बाजूलाच खर्च होते. त्यामुळे ८२० मिमीची निमुळती सीट ७९० मिमीच्या रुंद सीटपेक्षा सोपी वाटू शकते. शिवाय तुम्ही बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं, हे तुमच्या वजनावर आणि स्प्रिंगवर अवलंबून असतं.

खरं माप घ्यायचं तर बाइक सरळ धरा आणि डाव्या बाजूच्या जमिनीपासून सीटवरून उजव्या बाजूच्या जमिनीपर्यंत मापपट्टी टाका. दोन बाइकची तुलना या मापाने करा. स्वतःचं माप घेताना अनवाणी भिंतीला टेकून उभं राहा, जाड पुस्तक जांघेत घट्ट वर दाबा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. पँटच्या मापावर जाऊ नका, ते कमी भरतं.

सुरुवात कुठून करावी?

ज्या बदलाने बाइकची भूमिती (चाकं, फ्रेम आणि हँडल यांचे कोन व अंतरं) बदलत नाही, तो आधी. म्हणजे प्रथम प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) आणि सॅग (वजनाने सस्पेन्शन किती खाली बसतं ते) तपासा, मग सीट आणि बूट बघा. एवढं करूनही उरलेलं अंतर कापायचं असेल, तरच लिंक (मागच्या सस्पेन्शनमधल्या जोडपट्ट्या), शॉकअब्सॉर्बर आणि फोर्क (पुढच्या चाकाच्या दोन सस्पेन्शन नळ्या) यांना हात लावा. गॅरेजमध्ये बऱ्याचदा उलटं होतं. लिंक पहिल्याच दिवशी बसते, आणि सीट बदलण्याचा विचार बाइक वळणात जड लागायला लागल्यावर सुचतो.

प्रीलोड कमी केल्याने खरंच फरक पडतो?

पडतो, पण त्याला मर्यादा आहे. आधी सॅग मोजा. मागचं चाक हवेत असताना चाकाच्या ॲक्सलपासून शेपटीवरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घ्या. मग बाइक स्वतःच्या वजनावर उभी करून तेच अंतर घ्या, आणि शेवटी तुम्ही हेल्मेट-जॅकेटसकट बसल्यावर. पहिल्या आणि तिसऱ्या मापातला फरक म्हणजे चालकासह सॅग. हा मागच्या चाकाच्या एकूण प्रवासाच्या (म्हणजे चाक वरखाली जितकं जाऊ शकतं त्याच्या) २५ ते ३५ टक्के असावा. प्रवास १८० मिमी असेल तर साधारण ४५ ते ६३ मिमी.

तुमचा आकडा यापेक्षा कमी आला, तर प्रीलोड खुशाल कमी करा. सीट खाली येईल आणि सस्पेन्शनही सुधारेल. सॅग आधीच ३५ टक्के असताना आणखी कमी केलात, तर बाइक प्रवासाचा निम्मा भाग आधीच वापरून उभी राहते आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात शॉक तळाला आपटतो. चाक हवेत असताना स्प्रिंग हाताने खुळखुळत असेल, तर तुम्ही मर्यादा ओलांडली आहे असं समजा.

प्रीलोड बदलणारी कॉलर (स्प्रिंगवरची फिरणारी कडी) फिरवण्याआधी धागे तारेच्या ब्रशने साफ करून तेल द्या, आणि मूळ जागेवर मार्करने खूण करा. माती भरलेल्या धाग्यांवर हूक पाना जोरात मारला की कॉलरचे दात तुटतात.

माझं वजनही कमी आहे. त्याचा काही संबंध?

फार मोठा संबंध आहे, आणि हाच मुद्दा सर्वात जास्त दुर्लक्षिला जातो. कंपनीची स्प्रिंग साधारणपणे मध्यम ते जड चालक, मागे कोणी आणि थोडं सामान असं धरून दिलेली असते. ५०-५५ किलोचा चालक बसला की ती पुरेशी दबतच नाही. परिणामी सीट उंच राहते आणि बाइक दगडासारखी कडक लागते. प्रीलोड सर्वात कमी करूनही रिकाम्या बाइकचा सॅग भरपूर आणि चालकासह सॅग मात्र अपुरा येत असेल, तर स्प्रिंग तुमच्यासाठी कडक आहे.

अशा वेळी वजनाला साजेशी मऊ स्प्रिंग घातली की बसल्यावर १५-२० मिमी खाली येता येतं. एकही भाग छोटा करावा लागत नाही, उलट बाइक खड्डे नीट झेलायला लागते. स्प्रिंग मऊ केल्यावर रीबाउंड डॅम्पिंगचा (दबलेल्या शॉकचं परत उघडणं आवरणारा) स्क्रू असेल तर तोही थोडा सैल करा, नाहीतर दबलेला शॉक वेळेत उघडणार नाही.

सीटचा फोम किती कापता येतो?

बसण्याची हाडं जिथे टेकतात तिथे कापल्यानंतरही ५० मिमी फोम उरायला हवा. अंगठ्याने जोरात दाबल्यावर खालचं प्लास्टिक लागलं, तर तासाभरात ते पाठीला जाणवणार हे नक्की. बहुतेक सीटमधून २० ते २५ मिमी निघतो. मात्र पातळ फोम कमी दबतो, त्यामुळे २५ मिमी काढल्यावर प्रत्यक्षात १८-२० मिमीच पदरात पडतात.

उंचीइतकंच महत्त्व सीटच्या पुढच्या कडांना आहे. टाकीला लागून जिथून मांडी खाली उतरते, तिथल्या दोन्ही कडा तिरप्या तासून सीट निमुळती करा. बसायची जागा तशीच राहते आणि पाय सरळ खाली जातो. फक्त हे एक काम केलं तरी पुष्कळांचा प्रश्न तिथेच मिटतो.

कंपनीची लो सीट मिळत असेल तर आधी ती बघा. तिच्यात बऱ्याचदा खालचा सांगाडाच वेगळा असतो, त्यामुळे फोमची जाडी वाचते.

सीट घरी कापायची तर कशी?

स्टेपल पिना स्क्रूड्रायव्हरने उचकटून रेक्झिन सोलून घ्या. ते फाटू देऊ नका, तेच परत लागणार आहे. फोमवर मध्यरेषा आखा आणि कापायच्या खोलीच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या करा. जाड थर विजेच्या सुरीने किंवा लांब हॅक्सॉ पात्याने काढा. शेवटचा आकार ४०-६० नंबरच्या सँडिंग डिस्कने द्या, हात हलका ठेवून आणि डिस्क सतत फिरवत. एका जागी दाबलीत तर क्षणात खळगा पडतो.

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे फक्त मधला भाग खोल करणं. मग सीटचा उतार टाकीकडे होतो, प्रत्येक ब्रेकला चालक पुढे घसरतो आणि मनगटांवर भार येतो. बसायची जागा जवळपास आडवी ठेवा, मागच्या बाजूला हलका चढ चालेल.

पृष्ठभागावर ८-१० मिमीचा मऊ फोम स्प्रे गोंदाने चिकटवा आणि त्यावर प्लास्टिकचा पातळ कागद टाका. शिवणीतून पाणी आत गेलं की फोम दिवसेंदिवस ओला राहतो. रेक्झिन उन्हात किंवा हेअर ड्रायरने गरम करून आधी पुढे, मग मागे, आणि शेवटी दोन्ही बाजूंना ताणा. पिना ६ मिमीच्या घ्या. त्याहून लांब पिना प्लास्टिकच्या आरपार जाऊन फोममध्ये टोचतात. सीटखालच्या रबराच्या गुट्ट्या कापू नका. त्यांच्यामुळे भार फ्रेमवर जातो. त्या गेल्या की सांगाडा वाकून बॅटरीवर किंवा एअरबॉक्सवर टेकतो.

जाड तळव्याचे बूट चालतील का?

चालतील. २० ते ३० मिमी जास्तीच्या तळव्याचे रायडिंग बूट मिळतात, आणि साध्या बुटाला चांभाराकडून थर लावूनही घेता येतो. फक्त गिअर लिव्हरची उंची बुटानुसार वर घ्या. बूट लिव्हरखाली अडकला तर ऐनवेळी गिअर बदलत नाही. तळवा कडक प्लास्टिकचा नको, ओल्या फरशीवर तो सरकतो.

लोअरिंग लिंक काय करते?

मागे एकच शॉक आणि त्याखाली लिंकेज असलेल्या बाइकमध्ये स्विंगआर्म, म्हणजे मागचा चिमटा, आणि शॉक यांना जोडणाऱ्या दोन पट्ट्या असतात. बऱ्याच बाइकमध्ये या पट्ट्या लांब केल्या की मागचा भाग खाली येतो. काही रचनांमध्ये उलट, त्या छोट्या कराव्या लागतात. म्हणून लिंक नेमकी तुमच्याच मॉडेलची आणि वर्षाची घ्या. पट्टीच्या लांबीत काही मिलिमीटरचा बदल ॲक्सलपाशी कित्येक पटींनी मोठा होतो. अंदाजाने पट्ट्या कापून घेणं धोक्याचं आहे ते यामुळेच.

अजून एक हिशोब लक्षात ठेवा. पाकिटावर लिहिलेले ३० मिमी सहसा मागच्या चाकापाशी मोजलेले असतात. सीट दोन चाकांच्या मध्ये असते, म्हणून फक्त मागून ३० मिमी उतरवले तर सीटपाशी साधारण २० मिमीच मिळतात.

स्वस्त लिंकमध्ये बोल्टचं भोक सैल असतं. सुरुवातीला नुसता टकटक आवाज येतो, पुढे भोक लांबट होतं. भोकात बोल्ट हाताने सरकायला हवा, पण हलायला नको.

लिंक बसवताना काय काळजी घ्यायची?

बाइक फ्रेमवर किंवा इंजिनखाली आधार देऊन उचला. चिमट्याखालचा पॅडॉक स्टँड इथे चालत नाही, कारण बोल्ट काढल्याबरोबर चिमटाच मोकळा होतो. मागच्या चाकाखाली लाकडी फळ्या घालून चाकाचं वजन तोलून धरा. तोल बरोबर साधला की बोल्ट बोटांनी ओढून निघतो. हातोडी मारावी लागत असेल, तर चाक एखादा मिलिमीटर वरखाली करा.

सगळं उघडलेलंच आहे तर सुई बेअरिंगं पुसून त्यात नवं ग्रीस भरा, पुन्हा ही संधी लवकर येत नाही. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) नवे वापरा. टॉर्क मॅन्युअलमधला घ्या आणि टॉर्क रेंचनेच आवळा. रबरी बुश असलेले शॉक मात्र चाकं जमिनीवर टेकून, बाइकचं वजन आल्यावरच शेवटचे आवळायचे. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं.

मागे दोन शॉक आहेत. त्यांचं काय?

छोटे शॉक घालता येतात. लांबी वरच्या डोळ्याच्या मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंत मोजा. शॉक तिरपा आणि ॲक्सलच्या पुढे बसवलेला असेल, तर २० मिमी छोटा शॉक चाकापाशी २० पेक्षा जास्त उतार देतो. स्वस्तातले छोटे शॉक म्हणजे कमी प्रवास आणि कडक स्प्रिंग, त्याने पाठीचे हाल होतात. दोन्ही बाजूंचे शॉक एकाच वेळी बदला.

फक्त मागून उतरवलं तर चालणार नाही का?

१०-१२ मिमीपर्यंत फारसं जाणवत नाही. त्यापुढे जाणवतं. १४०० मिमी व्हीलबेसच्या (दोन्ही ॲक्सलमधलं अंतर) बाइकला मागून २५ मिमी उतरवलं की ती सुमारे एका अंशाने मागे झुकते आणि ट्रेल (हँडलच्या अक्षाची रेषा जमिनीला मिळते तिथपासून पुढचा टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) ५-६ मिमीने वाढतो. हँडल आळसावतं, बाइक वळणात उतरायला वेळ घेते, पुढच्या टायरवरचा भार कमी होतो. हेडलाइटही वर बघू लागतो: १० मीटरवरच्या भिंतीवर प्रकाश जवळपास १८० मिमी वर चढतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. म्हणून जेवढं मागून, साधारण तेवढंच पुढून उतरवा. मग सीटलाही पूर्ण उंचीचा फायदा मिळतो.

फक्त पुढून उतरवण्याचा खटाटोप मात्र कोणीच करू नये. सीट जेमतेम खाली येते आणि वेगात हँडल चंचल होतं.

फोर्क वर सरकवायची पद्धत काय?

फोर्कच्या नळ्या वरच्या आणि खालच्या टी (नळ्या पकडून ठेवणारे क्लॅम्प) मधून वर सरकवतात. नळी तिरपी असल्याने १० मिमी सरकवल्यावर पुढचा भाग सुमारे ९ मिमी उतरतो. सरकवण्याआधी एक मोजमाप अत्यावश्यक आहे. फोर्क पूर्ण दबल्यावर टायर किंवा मडगार्ड खालच्या टी ला, रेडिएटरला किंवा हॉर्नला लागतं का, ते बघा. नळीवर केबल टाय बांधून नेहमीच्या रस्त्यावर चालवा, टाय कुठवर जातो ते कळेल. पूर्ण खात्रीसाठी फोर्कच्या स्प्रिंगा काढून पुढचा भाग हाताने पूर्ण दाबून पाहा.

काम करताना इंजिनखाली जॅक द्या. दोन्ही बाजूंचे वरचे बोल्ट सैल करा, मग खालचे, आणि जॅक अगदी हळू उतरवत न्या. दोन्ही नळ्यांची उंची वरच्या टी च्या पृष्ठभागापासून व्हर्नियरने मोजा, फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त नको. खालच्या टी चे बोल्ट जास्त आवळले तर नळी चेपते आणि फोर्क अडखळतो. नंतर ॲक्सलचे क्लॅम्प बोल्ट सैल करून, पुढचा ब्रेक दाबून फोर्क चार-सहा वेळा दाबा आणि मग आवळा. हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून ब्रेकची होज आणि केबली ताणल्या जात नाहीत ना, ते पाहा.

१५ मिमीपेक्षा जास्त उतरवायचं असेल तर बाहेरून सरकवण्यापेक्षा फोर्कच्या आत स्पेसर टाकून घ्या. त्याने फोर्कचा प्रवासही तेवढाच घटतो, म्हणून टायर वर आपटत नाही. साध्या डॅम्पर रॉडच्या फोर्कमध्ये आतला प्रीलोड स्पेसर तेवढाच छोटा करावा लागतो, नाहीतर पुढचा भाग कडक होतो.

मागचा टायर मडगार्डला घासतोय. कारण?

लिंक बदलल्याने शॉकचा प्रवास कमी होत नाही, फक्त चाक सुरुवातीपासूनच वर बसतं. त्यामुळे पूर्ण दबल्यावर ते कंपनीने ठरवलेल्या जागेच्याही वर जातं. एकट्याने चालवताना काही होत नाही. मागे कोणी बसल्यावर पहिल्या गतिरोधकाला घासल्याचा आवाज येतो. शॉकवर जाड बंप स्टॉप (शॉक पूर्ण दबू न देणारा ठोकळा) घालून प्रवास मर्यादित करणं हा यावरचा बरोबर उपाय. मडगार्ड कापू नका, त्याच्या मागे वायरिंग असतं.

साइड स्टँडचं काय करायचं?

हे विसरलेल्या बाइक उजवीकडे पडतात. बाइक खाली आली, स्टँड तेवढाच लांब राहिला, की बाइक जवळपास सरळ उभी राहते आणि वाऱ्यानेही कलंडते.

उतरवण्याआधी बाइक स्टँडवर लावून तिचा कल मोबाइलच्या लेव्हलने मोजून ठेवा. उतरवल्यावर स्टँड जमिनीवरच ठेवा आणि दोन्ही चाकांखाली सारख्या जाडीच्या फळ्या सरकवत जा. पूर्वीचा कल आला की फळीची जाडी म्हणजे कापायची लांबी. पहिल्यांदा ३-४ मिमी कमीच कापा. वेल्डिंगसाठी स्टँड बाइकवरून काढूनच न्या; बाइकवर वेल्डिंग केल्यास इसीयू (इंजिन नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जळू शकतो. नळीच्या मधून कापून आत सळईचा तुकडा घाला, कडांना उतार द्या आणि मग जोडा. नुसत्या टोकाला टोक लावलेला जोड बाइकच्या वजनाने तुटतो. खालच्या पायाचा कोन पूर्वीसारखाच ठेवा.

डबल स्टँड असेल तर उतरवलेली बाइक त्यावर चढवणं फार जड जातं, आणि तो वळणात लवकर घासतो. ३० मिमी उतरवल्यावर बरेच जण तो काढूनच टाकतात.

चेन पुन्हा का ॲडजस्ट करावी लागते?

गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट, चिमट्याचा पिव्होट (ज्यावर चिमटा वरखाली फिरतो तो बिंदू) आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वात घट्ट असते. बाइक खाली आल्यावर उभ्या स्थितीत चिमटा त्या रेषेच्या जवळ जातो. त्यामुळे मॅन्युअलमधलं ढिलाईचं माप जसंच्या तसं लागू पडत नाही. पट्ट्याने मागचा भाग दाबून या तिन्ही गोष्टी एका रेषेत आणा आणि तिथे १०-१५ मिमी ढिलाई ठेवा. अति घट्ट चेन स्प्रॉकेटच्या शाफ्टचं बेअरिंग खाते.

छोट्या टायरने काम होईल का?

१४०/८०-१७ ऐवजी १४०/७०-१७ घातला तर त्रिज्या १४ मिमीने घटते. पण स्पीडोमीटर चुकतो, आणि दोन चाकांचं गुणोत्तर बदलल्याने एबीएस किंवा ट्रॅक्शन कंट्रोल गोंधळू शकतं. हा मार्ग सोडा.

कंपनीने हे आपोआप होईल असं काही दिलं आहे का?

महागड्या ॲडव्हेंचर बाइकमध्ये दिलं आहे. हार्ले-डेव्हिडसनच्या पॅन अमेरिका स्पेशलमध्ये २०२१ पासून, आणि बीएमडब्ल्यू आर १३०० जीएसमध्ये २०२३ पासून, पर्याय म्हणून अशी यंत्रणा मिळते. बाइक थांबायला आली की सस्पेन्शन स्वतः खाली बसतं आणि वेग घेतल्यावर वर येतं. जीएसमध्ये हा फरक ३० मिमीचा आहे. साध्या बाइकवर ती बाहेरून बसवण्यासारखी गोष्ट नाही.

काहीच न बदलता सांभाळता येतं का?

बऱ्याच अंशी. थांबण्याच्या शेवटच्या दोन मीटरमध्ये उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवा, कंबर किंचित डावीकडे सरकवा आणि डावा तळवा पूर्ण टेकवा. थांबताना हँडल सरळ असू द्या; वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक दाबला की बाइक आडवी होते. थांबायची जागा आधी नजरेने हेरा. पाय टेकवायचा ती बाजू उंच असलेली बरी. उताराकडे तोंड करून लावलेली बाइक मागे ओढणं चवड्यांवर अशक्य असतं. तिथे सरळ उतरून ढकला.

बदल केलेत तरी ही सवय लावा, कारण उतरवलेल्या बाइकवरही पाय प्रत्येक रस्त्यावर पुरत नाहीत.

सगळं झाल्यावर काय तपासायचं?

पहिल्या ५० किलोमीटरनंतर लिंक, शॉक, फोर्क क्लॅम्प आणि ॲक्सल यांचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. बोल्टवर रंगाची आडवी रेघ मारून ठेवलीत तर सैल झालेला लगेच दिसतो. हेडलाइट भिंतीवर पाहून खाली घ्या. सस्पेन्शन उतरवून जेवढी सीट खाली आली, ग्राउंड क्लिअरन्स जवळपास तेवढाच घटतो, तेव्हा इंजिनखालच्या पत्र्यावर नवे ओरखडे दिसतात का बघा. फूटरेस्ट आता वळणात लवकर घासणार, त्यामुळे पहिले काही दिवस ओळखीच्या वळणांवरही कल बेताचा ठेवा. मागे कोणी बसणार असेल किंवा सामान असेल, तर निघण्याआधी प्रीलोड वाढवा आणि उतरल्यावर खुणेवर परत आणा. काढलेले मूळ भाग नावाची चिठ्ठी लावून जपून ठेवा, विम्याच्या कंपनीला बदल लेखी कळवा.